पुंगळी ट्रिमर निवडताना: लांबी कुठून धरली जाते ते आधी बघा

ट्रिमर, म्हणजे काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड कापून लांबी सारखी करणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की बोलणं लगेच ‘हाताचा की मोटरचा’ यावर जातं. तो प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते एवढंच, की हे यंत्र पुंगळी कुठे टेकवून लांबी धरतं: बुडाच्या कडेवर, बुडावर, अंगावर की खांद्यावर (अंग मानेकडे निमुळतं होतं तिथे)? कटर कितीही धारदार असो आणि मायक्रोमीटरवर कितीही बारीक रेघा असोत, ज्या जागी पुंगळी टेकते ती जागा दर पुंगळीला बदलत असेल तर तोंडही दर वेळी वेगळ्या ठिकाणी कापलं जाणार.

पुढे ‘थाउ’ हा वर्कशॉपमधला शब्द येत राहील. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिमी. हा लेख परवान्यासह आणि कायदेशीरपणे रिलोडिंग (झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणं) करणाऱ्यांसाठी आहे, आणि साइझिंग डाय, शेलहोल्डर, कॅलिपर हे शब्द वाचकाला ठाऊक आहेत असं धरलं आहे.

कापावी का लागते

गोळी सुटताना पितळ फुगून चेंबरला (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीला) चिकटतं. साइझिंग डायमध्ये घातल्यावर ते पुन्हा दाबलं जातं आणि दाबलेल्या पितळेला मोकळी वाट एकच उरते, पुढे मानेकडे. त्यात एक्स्पांडरचा (मान आतून रुंद करणारा) मणी मानेतून ओढून बाहेर काढताना ती आणखी थोडी ताणली जाते. म्हणून बाटलीच्या आकाराची पुंगळी दर फेरीला वाढत जाते.

कमाल लांबी ओलांडली की तोंड चेंबरच्या मानेच्या टोकाला असलेल्या पायरीत शिरतं आणि आतल्या बाजूला दाबलं जाऊन गोळीला आवळतं. मग गोळी वेळेवर सुटत नाही आणि तेवढ्याच दारूत दाब धोकादायक वाढतो. रायफलचा बोल्ट थोडा जड बंद झाला तरी बळ लावून पुढे जायची सवय असेल तर हे कळतही नाही. ट्रिमरचं पहिलं काम हा धोका टाळण्याचं आहे, अचूकता त्यानंतर.

नेहमी लागणाऱ्या काही लांब्या, आधी कमाल आणि मग कापायची:

.२२३ रेमिंग्टन: १.७६० इंच (४४.७० मिमी), १.७५० इंच (४४.४५ मिमी)
६.५ क्रीडमोर: १.९२० इंच (४८.७७ मिमी), १.९१० इंच (४८.५१ मिमी)
.३०८ विन्चेस्टर: २.०१५ इंच (५१.१८ मिमी), २.००५ इंच (५०.९३ मिमी)
.३०-०६ स्प्रिंगफील्ड: २.४९४ इंच (६३.३५ मिमी), २.४८४ इंच (६३.०९ मिमी)

कापायची लांबी कमाल लांबीपेक्षा १० थाउ कमी ठेवायची प्रथा आहे, म्हणजे दर फेरीला कापावं लागत नाही. अचूक नेमबाजी करणारे मात्र स्वतःच्या रायफलचं चेंबर मोजून घेतात. त्यासाठी चेंबर-लांबीची गेज मिळते. एका रिकाम्या, साइझ केलेल्या पुंगळीची मान थोडी आखूड कापायची, त्यात ही स्टीलची गुटखी जराशी बाहेर ठेवून बसवायची आणि बोल्ट हलक्या हाताने बंद करायचा. पायरीला टेकून गुटखी मागे सरकते. बाहेर काढून बुडापासून गुटखीच्या टोकापर्यंत मोजलं की चेंबरची खरी लांबी मिळते. ती बहुधा छापील आकड्यापेक्षा जास्त निघते. ज्यांना प्रत्येक फेरीला कापायचंच आहे ते खऱ्या लांबीपेक्षा ५ ते १० थाउ कमी ठेवतात.

फार आखूड कापण्यातही तोटा आहे. तोंड आणि पायरी यांच्यामध्ये चेंबरची जी पट्टी उघडी राहते तिथे काजळी घट्ट बसत जाते. पुढे कधी नेहमीच्या लांबीची पुंगळी आत गेली की तिचं तोंड त्या काजळीत रुततं, आणि पायरीत शिरल्यावर जे होतं तेच इथेही होतं.

चार तऱ्हेचे ट्रिमर

कडेवर धरणारे. फॉर्स्टरचा ओरिजिनल, आरसीबीएसचा ट्रिम प्रो, हॉर्नेडीचा कॅम-लॉक हे यातले ओळखीचे. छोट्या लेथसारखी रचना: एका टोकाला कोलेट (आवळत जाणारी गोल पकड) किंवा शेलहोल्डर पुंगळीची कड पकडतो, दुसऱ्या टोकाला हँडल लावलेला कटर, आणि कटरच्या पुढे मानेत शिरणारा पायलट. पायलट आणि कोलेट बदलले की जवळपास कुठलीही पुंगळी चालते. अनेक कॅलिबर हाताळणाऱ्याला हाच प्रकार सोयीचा.

याची खोट पकडीत आहे. कोलेट आवळला की तो थोडा आतही ओढला जातो, आणि कडेचा व्यास कमी-जास्त असला तर ही ओढही कमी-जास्त होते. शेलहोल्डरमध्ये पुंगळी सरकून बसावी म्हणून मुळातच थोडी ढिलाई ठेवलेली असते. एक्स्ट्रॅक्टरने (चेंबरमधून पुंगळी ओढून काढणाऱ्या आकडीने) कडेला ओरखडा काढून बर (धातूची उठलेली कोर) उठवली असेल तर पुंगळी तेवढी तिरकी बसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या एकाच ढिगात असल्या तर लांबीत काही थाउंचा फरक सहज पडतो. तोच ट्रिमर एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या पुंगळ्यांवर पुष्कळच नीट वागतो. त्यामुळे नवा ट्रिमर घेण्याआधी पुंगळ्या वेगळ्या करून बघाव्यात.

बुडापासून पिनने मोजणारे. ली कंपनीचा साधा संच या तऱ्हेचा. कटरला लावलेल्या गेजची पिन पुंगळीच्या आतून जाते, फ्लॅश होलमधून (बुडातल्या बारीक छिद्रातून) उतरते आणि बुडाखालच्या लॉक स्टडला टेकली की कटर पुढे जात नाही. फिरवून जुळवायचं काहीच नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. स्वस्त संचाकडून अपेक्षा नसते इतकी सारखी लांबी यातून मिळते. अडचण अशी की प्रत्येक कॅलिबरला वेगळी पिन लागते आणि लांबी कारखान्याने ठरवलेली असते. पिनचं टोक घासून लांबी आणखी कमी करता येते, वाढवता येत नाही. जुनी टोपी (प्रायमर) आधी काढलेली हवी. काही पुंगळ्यांचं फ्लॅश होल नेहमीपेक्षा लहान असतं, त्यातून पिन जाते का ते घेण्याआधी बघा. जबरदस्तीने घातली तर छिद्र मोठं होतं, आणि मग लांबीपेक्षा मोठी भानगड होऊन बसते.

अंगावर धरणारे. एल. ई. विल्सनचा ट्रिमर यात मानदंड समजला जातो. प्रत्येक कॅलिबरला स्टीलचा स्वतंत्र केस होल्डर असतो. पुंगळी त्यात घालून हलका ठोका दिला की अंगाच्या निमुळतेपणामुळे ती पाचरीसारखी बसते. होल्डर दोन समांतर दांड्यांवर ठेवायचा, बूड मागच्या स्टॉप स्क्रूला टेकवायचं आणि कटर फिरवायचा. पायलट लागत नाही. कटर आणि पुंगळीचं अंग एकाच रेषेत असल्याने तोंड काटकोनात कापलं जातं, आणि बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून अचूक नेमबाजी करणारे) याच्यावर खूश असतात ते या काटकोनासाठी. कडेचा व्यास, पकडीचा जोर, मानेची जाडी यातलं काहीच मापात येत नाही. होल्डर मात्र दोन प्रकारचे येतात: झाडलेल्या पण पूर्ण साइझ न केलेल्या पुंगळ्यांसाठी एक, नव्या किंवा पूर्ण साइझ केलेल्यांसाठी दुसरा. चुकीचा आणलात तर पुंगळी एकतर आत डुगडुगते किंवा अर्ध्यातच अडकते. काम संथ चालतं. ठोका देऊन घालायची, कापायची, ठोका देऊन काढायची. पन्नास पुंगळ्यांना हे ठीक आहे, पाचशेला हात कंटाळतो.

खांद्यावर टेकवणारे. जिरॉड, डब्ल्यूएफटी ही नावं इथे येतात. चेंबरसारख्या आकाराच्या भोकात पुंगळी तोंडाकडून ढकलायची, खांदा टेकला की थांबते, आत मोटरवर किंवा ड्रिलवर फिरणारा कटर तोंड कापतो. एक पुंगळी काही सेकंदांत होते. तीन कामं एकत्र करणारा कटर असेल तर लांबी, आतला चॅम्फर (तोंडाच्या आतल्या कडेला दिलेला उतार) आणि बाहेरची बर हे सगळं एकदमच उरकतं.

खांदा की बूड

खांद्यावर टेकणाऱ्या ट्रिमरवर नेहमीचा आक्षेप असा, की साइझिंगमध्ये खांदा दोन थाउ मागे-पुढे झाला तर एकूण लांबीही दोन थाउ बदलते. ते खरं आहे. हे यंत्र खांदा ते तोंड एवढं अंतर पक्कं ठेवतं. बूड ते खांदा हे अंतर तुमच्या डायवर आणि प्रेसवर सोडतं.

पण चेंबरमध्ये बिनकडेची बाटलीवजा पुंगळी थांबते कुठे? खांद्यावरच. तोंड आणि पायरी यांच्यात किती जागा उरेल हे खांद्यापासूनच ठरतं. त्यामुळे कॅलिपरवर दोन थाउंचा फरक दाखवणाऱ्या दोन पुंगळ्यांची तोंडं चेंबरमध्ये एकाच ठिकाणी पोचलेली असू शकतात. म्हणजे हा फरक कॅलिपरवर दिसतो तेवढा वाईट नाही. तरीही तो फार असेल तर ट्रिमरला दोष देण्याआधी कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारं मापक) लावून बूड ते खांदा मोजावं. तिथेच दोन-तीन थाउ हलत असतील तर आजार साइझिंगमध्ये आहे: ल्यूब (वंगण) कमी-जास्त, पितळ ॲनील न केल्याने (तापवून मऊ न केल्याने) परत उसळतंय, किंवा हँडल खाली गेल्यावर दर वेळी सारखं थांबत नाही. महाग ट्रिमरने यातलं काही बरं होत नाही.

खांद्यावर ल्यूबचा थर, चिकटलेला कीस किंवा ल्यूब साचून पडलेला पोचा असेल तर मात्र माप खरोखर बिघडतं. म्हणून या प्रकारात पुंगळ्या पुसून, कोरड्या करूनच घ्याव्यात, आणि भोकातला कीस दर वीस-पंचवीस पुंगळ्यांनंतर ब्रशने झाडावा. सरळ भिंतीच्या, खांदा नसलेल्या पुंगळ्यांना हा प्रकार लागूच होत नाही.

कटर आणि पायलट

हायस्पीड स्टीलचा कटर हाताच्या ट्रिमरला पुरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, कारण पितळ मऊ असतं. मोटर असेल आणि आकडा हजारांत असेल तर कार्बाइड घ्यावा. कार्बाइड धार धरून ठेवतो पण ठिसूळ असतो. पाना किंवा दुसरा कटर त्यावर आपटला तर कडेचा कण उडतो आणि प्रत्येक तोंडावर बारीक रेघ उठू लागते.

तीन कामं करणाऱ्या कटरची गोम त्याच्या जुळवणीत आहे. आतलं पातं जास्त पुढे राहिलं तर तोंडाची धार सुरीसारखी होते. अशी धार गोळी बसवताना दुमडते किंवा गोळीचं आवरण खरवडते. तोंडाच्या जाडीत मध्यभागी एक सपाट वर्तुळ उरलेलं नजरेला दिसलं पाहिजे. मानेची जाडी बदलली, म्हणजे पुंगळीची कंपनी बदलली, की ही जुळवणी पुन्हा करावी लागते. एका लॉटवर जुळवलेला कटर दुसऱ्यावर तसाच चालवणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक.

पायलट असणाऱ्या ट्रिमरमध्ये पायलट मानेत हलक्या हाताने सरकला पाहिजे, पण डुलता कामा नये. सैल असेल तर तोंड तिरकं कापलं जातं. घट्ट असेल तर पितळ पायलटला चिकटून मान आतून ओरबाडली जाते. बुशिंग डायने (बदलत्या कड्याच्या डायने) एक्स्पांडरशिवाय मान आवळणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, कारण पायलट गोळीच्या व्यासाच्या हिशेबाने बनलेला असतो आणि मान त्याहून बारीक झालेली असते. उपाय दोन: कापण्याआधी मँड्रेल (ठरावीक जाडीची दांडी) फिरवून मानेचा आतला व्यास ठरवून घ्यायचा, किंवा पायलट नसलेला ट्रिमर घ्यायचा.

किती पुंगळ्या, कोणता ट्रिमर

एका रायफलसाठी महिन्याला पन्नास-शंभर पुंगळ्या आणि लक्ष्य लांबचं असेल तर अंगावर धरणारा, मायक्रोमीटर स्टॉपचा ट्रिमर घ्यावा. तीन-चार कॅलिबर आणि प्रत्येकात थोडी संख्या असेल तर कोलेटवाला. त्याचा खर्च पायलट आणि कोलेटपुरता वाढतो. एकाच कॅलिबरच्या शेकडो पुंगळ्या असतील, विशेषतः .२२३, तर खांद्यावर टेकणारा मोटरचा. नुकतीच सुरुवात असेल आणि एकच कॅलिबर असेल तर पिनवाला संच घेऊन वर्षभर काढायला काहीच हरकत नाही.

वेळ मोजताना फक्त कापण्याचा मोजू नका. हाताच्या ट्रिमरवर पुंगळी लावणं, फिरवणं, काढणं, मग आतला चॅम्फर, मग बाहेरची बर असे तीन वेळा तिला हात लागतो. बोटं दुखतात ती बहुतेक चॅम्फरने, कापण्याने नाही.

कोलेटच्या ट्रिमरवर .३०८ कापताना

१. पुंगळी रिकामी आहे, टोपी काढलेली आहे, हे प्रत्येक वेळी डोळ्याने बघा. भरलेलं काडतूस कधीही ट्रिमरमध्ये लावायचं नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, पितळेचा कीस उडतो.

२. ॲनीलिंग करत असाल तर ते साइझिंगच्या आधी. मग साइझिंग, मग ल्यूब पुसणं आणि शेवटी कापणं. साइझिंगच्या आधी कापली तर डायमध्ये ती पुन्हा वाढते आणि मेहनत वाया जाते.

३. सगळ्या पुंगळ्या मोजून सर्वांत आखूड बाजूला काढा. ती २.००५ इंचांपेक्षा आखूड असेल तर पूर्ण लॉट तिच्या लांबीला आणायचा की तिला वगळायचं हे आताच ठरवा.

४. कोलेटमध्ये पुंगळी ठेवून बूड मागे दाबून धरा आणि तसंच धरून आवळा. आवळण्याचा जोर दर वेळी सारखा हवा. दोन बोटांनी घट्ट, मुठीने नाही.

५. पायलट मानेत घाला, कटर तोंडापासून किंचित मागे ठेवून स्टॉप कॉलर आवळा. एक पुंगळी कापा, मोजा. २.०१२ आली तर बारीक जुळवणीचा स्क्रू सात थाउ आत घ्या. दोन-तीन पुंगळ्यांमध्ये २.००५ वर आणा आणि लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण नट आवळताना माप एखादा थाउ सरकतंच.

६. हँडल एका गतीने, हलक्या दाबाने फिरवा. कटर स्टॉपला टेकल्यावर दाब न देता आणखी दोन-तीन फेरे द्या. हे मोकळे फेरे तोंड गुळगुळीत करतात.

७. आतून चॅम्फर, बाहेरून बर. लांब, निमुळत्या बुडाच्या गोळ्यांना आतला चॅम्फर उतरता हवा. नेहमीच्या ४५ अंशांऐवजी ३० च्या आसपासचं हत्यार वापरतात. दोन-तीन हलके फेरे पुरतात.

८. पुंगळी उलटी करून टिचकी मारा, आत अडकलेला कीस बाहेर पडेल. ब्रश फिरवला तर उत्तम.

यंत्रावर विश्वास टाकण्याआधी

एकच पुंगळी घ्या, कापा, मोजा. काढून पुन्हा लावा, या वेळी बूड अर्धा फेरा फिरवून, आणि कटर पुन्हा फिरवा. यंत्राने आणखी पितळ काढलं तर पकड दर वेळी वेगळी बसतेय. असं पाच वेळा केलं की पकडीचा खोटेपणा किती थाउंचा आहे ते कळतं. मग एकाच लॉटच्या दहा पुंगळ्या कापून सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांच्यातला फरक बघा. दोन थाउंच्या आत असेल तर हाताच्या ट्रिमरकडून याहून जास्त मागू नये. साध्या डिजिटल कॅलिपरची स्वतःची चूकच एखाद्या थाउची असते, त्यामुळे अर्ध्या थाउच्या गप्पा कॅलिपर हातात घेऊन मारण्यात अर्थ नाही.

काटकोन तपासायला मार्कर पुरतो. कापलेल्या तोंडावर शाई लावा, पुंगळी पुन्हा लावा आणि कटर जेमतेम टेकवून एक फेरा द्या. शाई सगळीकडून सारखी गेली तर तोंड सरळ आहे. अर्धीच गेली तर पायलट सैल आहे किंवा पुंगळी तिरकी धरली जातेय. लक्ष्यावर फरक पडायचा तर तिरक्या आणि ओबडधोबड तोंडाने आधी पडेल, एका थाउच्या लांबीने नाही.

तोंड बघून ओळखायचे दोष

तोंडावर लाटा उठल्या असतील तर कटर थरथरतोय. हाताने फार हळू आणि फार दाबून फिरवलं, कटर बोथट झाला, किंवा ट्रिमर टेबलाला नीट बोल्ट केलेला नाही, यापैकी एक. ड्रिलवर असेल तर वेग बदलून बघा.

एका बाजूला बर जाड आणि दुसऱ्या बाजूला नाहीच, असं दिसलं तर आधी पायलट तपासा. पायलट ठीक असेल तर मानेची जाडीच एकसारखी नाही, आणि ती ट्रिमरने सुधारत नाही.

लांबी हळूहळू वाढत चालली असेल, म्हणजे पहिली २.००५ आणि चाळिसावी २.००८, तर स्टॉपपाशी कीस साचलाय. लांबी मधूनच उडी मारत असेल तर ढिगात वेगळ्या कंपनीची पुंगळी मिसळली आहे. बुडावरचा शिक्का वाचा.

ड्रिलवरच्या ट्रिमरमध्ये पुंगळी बोटांत फिरू लागली तर दाब जास्त होतोय. पुंगळी गरमही होते, आणि पकड सैल झाली की तोंड डोलून कापलं जातं. रबरी पकडीचे हातमोजे चालतील, पण सैल, धागे लोंबणारे मोजे फिरत्या यंत्राजवळ अजिबात नकोत.

पिस्तुलाच्या पुंगळ्यांचं थोडक्यात: ९ मिमीसारख्या पुंगळ्या चेंबरमध्ये तोंडावर टेकतात आणि बहुधा वाढत नाहीत, त्यामुळे त्या सहसा कापत नाहीत. .३५७ मॅग्नमसारख्या रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्यांना घट्ट क्रिंप मारायचा (तोंड गोळीवर आवळायचं) असेल तर मात्र एकदा सगळ्या सारख्या कापून घ्याव्यात, नाहीतर लांब पुंगळीवर क्रिंप जास्त बसतो आणि आखूडवर नावापुरताच.

आणि कोणती पुंगळी किती वेळा कापली याची नोंद डब्यावर ठेवा. पुढे वाढलेलं ते पितळ बुडाच्या जवळच्या भिंतीतून आलेलं असतं, म्हणून ती भिंत पातळ होत जाते. टोक वाकवून धारदार केलेली तार आत घालून बुडाकडून वर ओढत आणा. बुडाच्या थोडं वर टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं, किंवा बाहेरून त्याच जागी उजळ वर्तुळ दिसलं, तर लांबी बरोबर असली तरी ती पुंगळी मोडीत टाका.